१८० मीटरचं यान गेममध्ये छोट्या खेळण्यासारखं का दिसतंय?

ओढयान:
फ्रीस्पेस २ या अवकाशयुद्धाच्या गेमच्या ओपन सोर्स इंजिनसाठी मी एक यान बनवतेय. लढाऊ नाही. लढाईत निकामी झालेली जहाजं ओढून आणणारं. पुढे दोन जाड बाहू, मध्ये चालकांची अरुंद केबिन, मागे चार इंजिनं. मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःची भर, बनवणारे सगळे तोफांच्याच मागे असतात, पण लढाई संपल्यावर मागे उरलेल्यांना आणायला कुणीतरी जायला हवं, हे मला फार दिवस वाटत होतं. आठ महिने रोज रात्री तासभर यावर घालवलाय.

लांबी १८० मीटर, उंची ४०. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक युनिट म्हणजे एक मीटर धरलंय, एक्स्पोर्टनंतर पुन्हा मोजलंय. माप बरोबर आहे. तरीही गेममध्ये ते मुठीत मावेल असं वाटतं! खिडक्यांच्या चार रांगा आहेत, कडा छान गोल केल्यात, वर चढवलेलं चित्र, म्हणजे टेक्श्चर, २०४८ पिक्सेलचं आहे. आणखी काय करू?

दुसरी अडचण: वरची एकुलती एक तोफ वळताना स्वतःभोवती फिरत नाही, अख्ख्या यानाला प्रदक्षिणा घालते.

जुना_सुतार:
स्क्रीनशॉट पाहिले. बाहूंचा आकार सुरेख जमलाय, लांबूनही यान ओळखू येतं. तिथे हात लावू नका.

घोळ खिडक्यांचा आहे. अवकाशात झाड नाही, रस्ता नाही, माणूस नाही. मोठेपणाचा अंदाज घ्यायला डोळ्याला खिडकीशिवाय काही मिळत नाही. एक मजला साधारण तीन मीटरचा धरा. ४० मीटर उंचीत तेरा मजले बसतात. तुम्ही चार रांगा दिल्यात, म्हणून डोळा त्याला चार मजली इमारत समजतो आणि लांबीही त्याच हिशेबाने आखूड करतो. खिडकी एक मीटरच्या आत आणा. सगळीकडे लावू नका, केबिनजवळ दाट, बाकी अंग बहुतेक आंधळं ठेवा. मोठा रिकामा पत्रा आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक उजेड, यातून आकार जाणवतो.

गोल कडांचंही तेच. तुमचा बेव्हल, म्हणजे कडेची गोलाई, मीटरभर रुंद दिसतोय. एवढी गोलाई साच्यातून काढलेल्या प्लास्टिकला असते. दहा-पंधरा सेंटिमीटर पुरे, आणि तेवढ्यासाठी मॉडेलचे त्रिकोण खर्च करू नका, नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उठावाचा नुसता भास देणाऱ्या चित्रात, बेक करून उतरवा.

टेक्श्चरचा हिशेब करून बघा. २०४८ पिक्सेल १८० मीटरवर ताणले तर मीटरला जेमतेम अकरा पडतात, आणि त्यात अजून वरची-खालची बाजू मावायची आहे. पत्र्यासाठी पुन्हा पुन्हा लागणारं टाइलिंग टेक्श्चर वापरा, केबिनला वेगळं. डाव्या-उजव्या बाजूला एकच यूव्ही, म्हणजे टेक्श्चरवरची एकच जागा, दिलीत तर जागा वाचते, पण यानावर नाव लिहिलं असेल तर ते एका बाजूला उलटं उमटेल. नावापुरता तुकडा वेगळा उलगडा.

कक्षा_९:
तोफेचं सांगतो. तुम्ही शेवटी सगळं निवडून कंट्रोल-ए दाबून 'ऑल ट्रान्सफॉर्म्स' अप्लाय केलं असणार, म्हणजे जागा, वळण आणि माप तिन्ही पक्कं केलं असणार. त्याने लोकेशनही अप्लाय होतं आणि प्रत्येक भागाचा ओरिजिन, म्हणजे तो ज्याभोवती फिरतो तो बिंदू, जगाच्या मध्यावर, शून्यावर जातो. तोफ तिथूनच फिरते. फक्त रोटेशन आणि स्केल अप्लाय करा. आता दुरुस्तीसाठी तोफेच्या बैठकीचं तळाचं वर्तुळ निवडा, थ्रीडी कर्सर तिथे आणा, ओरिजिन कर्सरवर बसवा. नळी बैठकीची चाइल्ड, म्हणजे तिच्याबरोबर हलणारा भाग, हवी आणि तिचा ओरिजिन बिजागरीपाशी.

आणि शिप्स टेबलमधली, म्हणजे यानांचे गुण लिहिलेल्या फाइलमधली, नोंद दाखवाल का? रोटेशन टाइम किती आहे?

ओढयान:
३.५, ३.५, ३.५. गेममधल्या एका लढाऊ यानाची नोंद कॉपी करून नाव आणि पीओएफ, म्हणजे मॉडेलची फाइल, तेवढी बदलली होती.

कक्षा_९:
मग मॉडेल कितीही सुधारलं तरी खेळणंच वाटणार. तो आकडा म्हणजे पूर्ण फेरीला लागणारे सेकंद. १८० मीटरचं धूड साडेतीन सेकंदांत गिरकी घेतंय. ४० पासून सुरुवात करा, रोटेशन डॅम्पिंगही वाढवा, म्हणजे वळण सुरू व्हायला आणि थांबायला वेळ लागेल.

ओढयान:
कालच्या रात्रीत तिन्ही करून पाहिलं. आधी फक्त ४५ सेकंद केले, मॉडेलला हातही न लावता. तेवढ्यानेच यान जड झालं! वळायला लागलं की वाट बघावी लागते, आणि त्या वाट बघण्यात ते मोठं वाटतं. मग खिडक्या पुसून नव्याने काढल्या, केबिनभोवती तेरापैकी पाचच मजल्यांना. तोफ जागेवर फिरतेय.

बेव्हल काढून टाकायला मात्र जीव होत नव्हता, दोन आठवडे त्यावर घातले होते. जुनं मॉडेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं आणि बेव्हल काढून टाकला. सुतारकाका, तुमचं बरोबर होतं.

आज बाहूंच्या टोकांना डॉकिंग पॉइंट, म्हणजे दुसरं जहाज जोडायच्या जागा, बसवतेय. पहिलं निकामी जहाज जोडलं गेलं की स्क्रीनशॉट इथेच टाकते.