सैन्यभरती: १६०० मीटर धावण्याची वेळ साडेपाच मिनिटांच्या आत कशी आणावी?

प्रश्न (गुहागर):
माझे वय १९ असून अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीला साधारण चार महिने उरले आहेत. मी रोज पहाटे पुळणीवरून पाच किलोमीटर धावतो, तरीही तालुक्याच्या मैदानावर वेळ घेतली तेव्हा १६०० मीटरला ६ मिनिटे ५ सेकंद लागले. चार फेऱ्यांच्या वेळा अनुक्रमे ८०, ८६, ९८ आणि १०१ सेकंद अशा होत्या. बीम (दांड्याला लटकून हनुवटी दांड्यापर्यंत नेणे) सहा निघतात. सराव वाढवावा की बदलावा?

निवृत्त हवालदार, चिपळूण:
वाढवू नकोस, बदल. साडेपाच मिनिटे म्हणजे ३३० सेकंद, म्हणजे प्रत्येक फेरीला साडेब्याऐंशी. तू पहिली फेरी त्याहून वेगाने मारलीस आणि त्याचे व्याज शेवटच्या दोन फेऱ्यांत भरलेस. रोज एकाच संथ चालीने धावणाऱ्याला दम मिळतो, पण वेगाची सवय लागत नाही. आठवड्यातून एकदा मैदानावर ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ८२ ते ८४ सेकंदांत आणि मध्ये दोन मिनिटे चालत, अशा मार. आज त्या जमणार नाहीत, म्हणून चारपासून सुरुवात कर. आणखी एक दिवस जरा दम लागेल अशा चालीने वीस मिनिटे धाव, एक दिवस पूर्ण विश्रांती घे, आणि उरलेले दिवस हलके ठेव. प्रत्यक्ष भरतीत मोठ्या जथ्यातून धावावे लागते आणि शिट्टी वाजताच सगळे सुसाट सुटतात; त्यांच्यामागे वाहवत न जाण्याचा सरावही मित्रांना सोबत घेऊनच होतो.

व्यायामशिक्षक, राजापूर:
हवालदारसाहेबांचे म्हणणे पटते, पण तुमच्या प्रश्नात मला बीमचा आकडा अधिक खटकला. धावण्यात साडेपाच मिनिटांच्या आत येणाऱ्या पहिल्या गटाला ६० आणि त्याखालच्या गटाला ४८ गुण मिळतात, म्हणजे फरक बाराचा. याउलट सहा बीमला १६ आणि दहा बीमला ४० गुण आहेत, म्हणजे तिथे चोवीस गुण पडून आहेत. नऊ फुटी खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे) यांत केवळ पात्र ठरायचे असते. दिवसातून चार-पाच वेळा तीन-तीन बीम काढावेत, थकेपर्यंत ओढू नये, आणि शेवटी स्टुलावर चढून हनुवटी दांड्यावर नेऊन पाच सेकंदांत सावकाश खाली यावे. झोके घेऊन काढलेले बीम परीक्षक मोजत नाहीत, त्यामुळे घरीही ते मोजू नयेत.

देवगडहून एक धावपटू:
पुळणीबद्दल थोडेसे. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पावलांची गती मंदावते, त्यामुळे सुकतीच्या वेळी उघडी पडणारी ओली, घट्ट पट्टीच वापरावी. सुकती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून ‘पहाटे पाच’ असा कायमचा नेम आपल्याकडे टिकत नाही; भरतीचे वेळापत्रक आधी समुद्राकडून घ्यावे लागते! किनाऱ्याला उतार असल्याने जितके जाल तितकेच त्याच वाटेने परत या, नाहीतर एकाच पायावर ताण येतो. वेगाच्या फेऱ्यांसाठी मात्र सड्यावरचे सपाट मैदान बरे.

प्रश्नकर्ता:
मी असगोलीच्या दिशेने पुळणीवरून जातो आणि रस्त्याने परततो. महिनाभर उजवी पोटरीच का दुखते आहे, ते आता कळले. स्टूल आजच माळ्यावरून काढतो.