महागडा लॅपटॉप, तरी सुरू व्हायला आणि प्रोग्राम उघडायला उशीर – मदत हवी आहे

अबोली

विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे. १४ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, १ टीबीची जेन ४ एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी, त्यातली निम्मी रिकामी. एवढी किंमत मोजल्यावर निदान सुरू व्हायला तरी वेळ लागू नये.

लक्षणं अशी: बटण दाबलं की लोगो लगेच येतो, पण त्याखालचं ठिपक्यांचं चक्र बराच वेळ फिरत राहतं. पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप दिसतो, मात्र टास्कबारवर क्लिक केलं तर काही वेळ काहीच होत नाही. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत जवळपास दोन मिनिटं जातात. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडायला ४० सेकंद घेतं. बंद करून लगेच उघडलं तर ४-५ सेकंदांत येतं. वर्ड १५ ते २० सेकंद घेतं, आणि दुसऱ्यांदाही जवळपास तेवढेच. एकदा उघडल्यावर काम करताना कशातच अडत नाही.

स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद केले आहेत. ड्राइव्हचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क ६,५०० एमबी प्रति सेकंद रीड दाखवतं. चार्जर लावला काय, काढला काय, फरक नाही. वॉरंटी शिल्लक आहे. रॅम ६४ जीबी करावी, की सरळ फॉरमॅट मारावा?

खटपट्या

रॅमला हात लावू नका आणि फॉरमॅटही आत्ता नको. तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यामुळे निम्मं काम झालंय.

दुसऱ्यांदा उघडताना प्रोग्राम झटकन येतो, कारण त्याच्या फाइल्स तोवर रॅममध्ये असतात. म्हणजे प्रोसेसर ठीक आहे आणि रॅमही पुरेशी आहे. उशीर होतोय तो फाइल एसएसडीवरून पहिल्यांदा वाचताना. मग एक तर एसएसडी अडखळतेय, किंवा वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलची मध्येच कुणीतरी झडती घेतंय. वर्डचं दुखणं वेगळं दिसतं, ते शेवटी बघू.

६,५०० चा आकडा इथे कामाचा नाही. तो एक मोठी फाइल सलग वाचण्याचा वेग आहे. प्रोग्राम उघडताना हजारो छोटे तुकडे इकडून तिकडून वाचले जातात. त्यासाठी त्याच चाचणीतली सगळ्यात खालची ओळ बघा: आरएनडी४के, क्यू१टी१. चांगल्या एनव्हीएमईला तिथे रीड साधारण ५० ते ९० एमबी मिळतो. हा आकडा लहान दिसतो म्हणून घाबरू नका, तो तसाच असतो.

आता वेळ कुठे जातो ते मोजा. आधी रीस्टार्ट करा, शटडाउन नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा हायबरनेट होतो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे मोजमाप फसतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने लोड होतं. लॉगिन झाल्यावर पाच-दहा मिनिटं मशीनला हात न लावता ठेवा, मग हे बघा:

१. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. स्टार्टअप ॲप्समध्ये वर उजवीकडे 'लास्ट बायोस टाइम' असतो. विंडोज सुरू होण्याआधी मदरबोर्डने घेतलेला हा वेळ. ५ ते १५ सेकंद ठीक.

२. इव्हेंट व्ह्यूअर ॲडमिन म्हणून उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स → ऑपरेशनल. तिथे आयडी १०० ची सगळ्यात ताजी नोंद उघडून डीटेल्स टॅबमधले दोन आकडे लिहून घ्या: मेनपाथबूटटाइम (डेस्कटॉप येईपर्यंत) आणि बूटपोस्टबूटटाइम (डेस्कटॉप आल्यापासून मशीन शांत होईपर्यंत). आकडे मिलिसेकंदांत असतात, १,००० ने भागा.

३. त्याच व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज → सिस्टम. 'फिल्टर करंट लॉग' वापरून आयडी ७, ११, १२९ आणि १५३ (ड्राइव्हच्या तक्रारींच्या नोंदी) शोधा. १२९ सापडला तर त्याचा सोर्सही वाचा. टाइम-सर्व्हिसही १२९ च आयडी वापरते. ती नोंद घड्याळाची असते आणि आपल्या कामाची नाही. सोर्स 'स्टोरएनव्हीएमई' किंवा 'आयएस्टोर'ने सुरू होणारा असेल तर सांगा.

ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमधली हेल्थ, मीडिया एरर्स आणि तापमानही इथे टाका.

रानवारा

एवढं कशाला? डीफ्रॅग करून एखादा रजिस्ट्री क्लीनर चालवा. आणि एमएसकॉन्फिगमध्ये बूट → ॲडव्हान्स्डमध्ये प्रोसेसरची संख्या सगळ्यात जास्त निवडा.

खटपट्या

@रानवारा, तिन्हीचा उपयोग नाही. एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी नाही, तेव्हा तुकडे एकत्र लावून वाचनाचा वेळ वाचत नाही, उलट लिखाण विनाकारण वाढतं. विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मधून एसएसडीला ट्रिम (कोणती जागा आता रिकामी आहे याची सूचना) मिळते, ते आपोआप होतं. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी काढून बूटचा वेळ कमी होत नाही, चुकीची नोंद गेली तर मात्र प्रोग्राम बंद पडतो. आणि प्रोसेसरची ती संख्या चाचणीसाठी कोअर *कमी* करायला ठेवली आहे. टिक नसेल तर विंडोज सगळे कोअर वापरतंच.

अबोली

आकडे असे आले:

बायोस टाइम ८.७ सेकंद.
मेनपाथबूटटाइम ५१,२००, बूटपोस्टबूटटाइम ५३,४००.
आरएनडी४के क्यू१टी१ रीड ६१ एमबी.
हेल्थ ९७ टक्के, मीडिया एरर्स ०, तापमान ४६ अंश.

सिस्टम लॉगमध्ये ७, ११, १५३ नाहीत. १२९ मात्र जवळपास प्रत्येक बूटला आहे, सोर्स स्टोरएनव्हीएमई. मजकूर: 'रीसेट टू डिव्हाइस, रेडपोर्ट०, वॉज इश्यूड'. दिवसा मधूनमधूनही दिसतो, बहुतेक मशीन थोडा वेळ पडून राहिल्यावर.

हेल्थ ९७ टक्के असताना एसएसडी दोषी असू शकते का?

सर्किट

असू शकते. हेल्थचा आकडा फक्त झीज सांगतो: किती लिखाण झालं आणि राखीव जागा किती उरली. ड्राइव्ह वेळेवर उत्तर देते का, हे त्यात येत नाही.

१२९ चा अर्थ सरळ आहे. विंडोजने ड्राइव्हकडे काहीतरी मागितलं, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, म्हणून ड्रायव्हरने ड्राइव्ह रीसेट केली. ही वाट बघण्याची मुदत बऱ्याचदा तीसेक सेकंदांची असते. तुमचा मेनपाथ ५१ सेकंद आहे. या दर्जाच्या मशीनला १५ ते २० पुरतात. वरची तीस सेकंद कुठे गेली ते यावरून कळतं.

बेंचमार्कमध्ये हे का दिसत नाही? कारण चाचणी चालू असताना ड्राइव्ह सतत जागी असते. अडखळते ती झोपेतून उठताना. एनव्हीएमई ड्राइव्ह काम नसलं की स्वतःहून कमी विजेच्या अवस्थेत जाते, आणि तिला जोडणारी पीसीआय एक्सप्रेसची लिंकही वीज वाचवण्यासाठी मंदावते. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (तिच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष असेल तर या अवस्थेतून बाहेर यायला ती वेळ लावते किंवा बाहेरच येत नाही. 'पडून राहिल्यावर दिसतो' हे तुमचं निरीक्षण याच्याशी जुळतं.

क्रम हा ठेवा:

पहिलं, बॅकअप. रीसेट होणारी ड्राइव्ह उद्या पूर्ण गप्प बसू शकते. त्याच वेळी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा ती याच लॅपटॉपमध्ये असून उपयोग नसतो.

दुसरं, एसएसडीचं फर्मवेअर. डिव्हाइस मॅनेजर → डिस्क ड्राइव्ह्जमध्ये ड्राइव्हचं मॉडेल दिसेल. आधी लॅपटॉपच्या सपोर्ट पानावर तुमच्या सिरीयल नंबरखाली एसएसडी फर्मवेअर आहे का बघा. लॅपटॉपसोबत आलेल्या ड्राइव्हचं फर्मवेअर बऱ्याचदा तिथेच मिळतं. बाजारात सुट्या मिळणाऱ्या त्याच ड्राइव्हची फाइल तिला चालतेच असं नाही. चार्जर लावून, बाकी सगळं बंद करून अपडेट करा.

तिसरं, बायोस आणि चिपसेट ड्रायव्हर, तेही त्याच पानावरून. बायोसनंतरचं पहिलं बूट लांबतं, डीडीआर५ ची मेमरी पुन्हा जुळवली जाते आणि पडदा काही वेळ काळा राहू शकतो. बटण दाबून बंद करू नका. बायोसमध्ये फिरताना व्हीएमडी (ड्राइव्ह हाताळण्याची इंटेलची पद्धत) किंवा स्टोरेज मोड बदलू नका. बदलला तर विंडोजला बूट ड्राइव्हच सापडत नाही आणि निळा पडदा येतो.

यानंतरही १२९ येत राहिला तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पीसीआय एक्सप्रेस → लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट 'ऑफ' करून बघा. नव्या लॅपटॉपवर हा पर्याय कधी लपवलेला असतो. त्याने रीसेट थांबले तर निदान पक्कं, पण बॅटरी थोडी लवकर उतरेल, म्हणून तो कायमचा इलाज समजू नका. मग वॉरंटीत ड्राइव्ह बदलून घ्या. एम.२ स्लॉटमधला संपर्क ढिला असला तरी हेच घडतं, पण वॉरंटी असताना मागचं झाकण स्वतः उघडू नका.

अनाहूत

वरच्या सगळ्याशी सहमत. पण डेस्कटॉप आल्यानंतरचे ५३ सेकंद नुसत्या रीसेटने भरतील असं वाटत नाही. खटपट्यांनी झडती घेणाऱ्याचा उल्लेख केलाय, तोही तपासून टाका.

टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा, एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं जोडून टाइप करा आणि एंटर. फाइल आणि प्रोग्रामच्या मध्ये बसलेल्या सगळ्या फिल्टर ड्रायव्हर्सची यादी येते. 'अल्टिट्यूड' नावाच्या रकान्यात ३,२०,००० पासून जवळपास ३,३०,००० पर्यंतचा पट्टा अँटीव्हायरससाठी राखीव आहे. विंडोज डिफेंडरचा 'डब्ल्यूडीफिल्टर' ३,२८,०१० वर असतो. त्या पट्ट्यात आणखी कुणी दिसलं तर दुसरा अँटीव्हायरस, किंवा काढून टाकलेल्या अँटीव्हायरसचं उरलेलं शेपूट, अजून प्रत्येक फाइल उघडताना मध्ये येतंय. नव्या लॅपटॉपवर चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस आधीच टाकलेला असतो आणि नेहमीच्या अनइन्स्टॉलने त्याचा ड्रायव्हर जाईलच असं नाही. त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल मिळतं, ते चालवून रीस्टार्ट करा. ड्रायव्हरची फाइल किंवा रजिस्ट्रीतली नोंद हाताने उडवू नका, विंडोज सुरूच होणार नाही.

ऑपरेशनल लॉगमध्ये १०० च्या आसपास १०१, १०२, १०३ या नोंदीही वाचा: अनुक्रमे उशीर करणारा प्रोग्राम, ड्रायव्हर आणि सर्व्हिस. त्यात नावासकट वेळ लिहिलेला असतो.

अबोली

बॅकअप घेतला, रिकव्हरी की लिहून ठेवली. लॅपटॉपच्या पानावर एसएसडीचं फर्मवेअर होतं, तेच आधी केलं. त्यानंतरच्या बूटमध्ये १२९ नाही, पडून राहिल्यावरही नाही. मेनपाथ १७,८०० वर आला. बायोस अजून केलेला नाही.

फिल्टरच्या यादीत डब्ल्यूडीफिल्टरशिवाय त्याच पट्ट्यात आणखी एक नाव होतं, आधी काढून टाकलेल्या ट्रायल अँटीव्हायरसचं. १०३ मध्येही त्याचीच सर्व्हिस. रिमूव्हल टूल चालवलं. पोस्टबूट आता २३,१००, फोटोचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा ९ सेकंद. खूप आभार!

वर्ड मात्र तसंच आहे.

खटपट्या

छान. बायोसच्या नोट्समध्ये स्टोरेजबद्दल किंवा सुरक्षेबद्दल काही असेल तर सवडीने करा, आता घाई नाही.

वर्ड दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ घेतं, म्हणजे ते कशाची तरी *वाट बघतंय*. कंट्रोल की दाबून धरून वर्डच्या आयकॉनवर क्लिक करा, सेफ मोडबद्दल विचारेल, हो म्हणा. पटकन उघडलं तर ॲड-इन (वर्डला जोडलेला छोटा प्रोग्राम) दोषी: फाइल → ऑप्शन्स → ॲड-इन्स, खाली 'कॉम ॲड-इन्स' निवडून गो, आणि एकेक टिक काढत बघा.

सेफ मोडमध्येही रेंगाळलं तर डीफॉल्ट प्रिंटर बघा. पानाची मांडणी ठरवताना वर्ड प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतं, आणि नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असेल किंवा दुसऱ्या जागी राहिला असेल तर उत्तराची वाट बघत थांबतं. सेटिंग्ज → ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस → प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा आणि 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट ठेवा.

अबोली

सेफ मोडमध्येही उशीर होता. डीफॉल्टला जुना नेटवर्क प्रिंटर होता, जो आता जोडलेलाच नाही. बदलल्यावर वर्ड २-३ सेकंदांत!

एकच शंका: फास्ट स्टार्टअप बंद करावं का? आणि वॉरंटीसाठी काही जपून ठेवू का?

सर्किट

चालू राहू द्या. फक्त विंडोज अपडेट किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा.

वॉरंटीसाठी सिस्टम लॉग फिल्टर करून 'सेव्ह फिल्टर्ड लॉग फाइल ॲज' वापरा आणि जुन्या १२९ च्या नोंदी बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा, कारण लॉग भरला की विंडोज जुन्या नोंदी पुसतं. फर्मवेअरचा जुना आणि नवा क्रमांक सोबत लिहा. आठवडाभर बॅटरीवरही वापरून बघा, वीज वाचवण्याच्या अवस्था तेव्हा जास्त लागतात. त्यातही १२९ परत दिसला तर नवं फर्मवेअर टाकूनही दोष राहिला हे लिखित सांगा आणि ड्राइव्ह बदलून मागा.