१२३४५६७८९८७६५४३२१ ला कशाकशाने भाग जातो?

केळीवाला रावेर:
मंडळी एक शंका आहे. पोरगी आठवीत आहे, काल तिने नऊ एक्के ओळीने लिहिले म्हणजे १११११११११ आणि त्याला त्यानेच गुणलं, हाताने. काट्याच्या पावतीमागे एकेक घर सरकवत नऊ ओळी मांडल्या, बेरीज आली १२३४५६७८९८७६५४३२१, उलटी वाचा सुलटी वाचा तीच. मी म्हटलं खात्री करू म्हणून कॉम्प्युटरवर शीटमध्ये टाकलं तर शेवटी ३२१ च्या जागी ३०० आलं, आता ती म्हणते पप्पा माझंच चुकलं असेल. नक्की कोणाचं बरोबर? आणि हिला कशाकशाने भाग जातो ते हाताने निघेल का?

चाळीसगावकर:
पोरीचंच बरोबर आहे भो, आधी तिला सांगा! शीट पंधरा आकडेच धरते, पुढे शून्यं लावते, ही सतरा आकडी. आणि शेवटचा आकडा तोंडीच कळतो, एक एके एक, तिथे शून्य येईलच कसं.

यावलच्या मॅडम:
भाऊ, मोठीला हातच लावू नका, १११११११११ फोडा. तीन-तीन एक्क्यांचे गट केले की १११ × १००१००१. १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. ही ३३३६६७ मूळ संख्या आहे, तपासायला ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, मी एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत बघितलं, दोन दुपारी गेल्या पण एकदाही बाकी शून्य आली नाही तेव्हा फार भारी वाटलं.
आता तुमची संख्या वर्ग आहे म्हणून सगळं दुप्पट, ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक मोजताना प्रत्येकाच्या वेळांत एक मिळवायचा, कारण एकदाही न घेणं हाही पर्याय, म्हणून ५ × ३ × ३ = ४५. विषम का, तर विभाजकांच्या जोड्या लागतात पण १११११११११ चा जोडीदार तो स्वतःच.

चाळीसगावकर:
मस्त समजावलं ताई. देवळालीचे शाळामास्तर कापरेकर यांनी असल्या संख्यांना डेमलो नाव दिलं, रेल्वे स्टेशनवरून. आणि आमच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे ना, त्या भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची नावं दिलीत, त्या हिशोबाने तुमचा पहिला १ 'मध्य'च्या घरात बसतो, पुढचं घर परार्ध.

केळीवाला रावेर:
सगळ्यांचे आभार, पोरगी जाम खूश. आत्ता तिने दहा एक्के मांडले तर १२३४५६७९००९८७६५४३२१ आलं, उलटं वाचलं तर जुळत नाही. विचारते ८ एकदाच का आला, डावीकडचा कुठे गेला?

यावलच्या मॅडम:
मधल्या रकान्यात दहा एक्के जमले ना, त्याचा हातचा शेजारच्या ९ ला, त्याचेही दहा झाले, मग त्याचा हातचा ८ ला. तो ८ च ९ झालाय, तिला पावतीवर बोट ठेवून दाखवा.