जमिनीचा वाद आणि कायद्याची मदत : तुमचे अनुभव सांगा

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी सातबारा काढला तेव्हा कळलं की आमच्या विहिरीचा गट, म्हणजे विहीर असलेला जमिनीचा तुकडा, एकट्या धाकट्या काकांच्या नावावर आहे, 1987 च्या फेरफाराने (सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद). जमीन आजोबांची, वाटणी तोंडी झालेली, कागद काही नाही. वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते. तलाठी म्हणतात कोर्टात जा, ओळखीचे वकील म्हणतात आधी प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) अपील टाका, आई म्हणते काकांशी भांडू नकोस. मला भांडायचं नाहीच आहे पण विहिरीवर आमचं नावच नाही हे पण सहन होत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी असं काही निस्तरलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, आधी कोणाकडे गेलात, कुठे चुकलात, किती वर्षं गेली.

करवीरकर
दादा आमचं अगदी हेच झालं म्हणून आधी चूक सांगतो. आम्ही प्रांत, मग अपर जिल्हाधिकारी असं करत चार वर्षं घालवली आणि शेवटी ऑर्डरमधे एकच ओळ, मालकीचा वाद असल्याने दिवाणी न्यायालयात दाद मागावी. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिने मालकी मिळत पण नाही आणि जात पण नाही, हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर! प्रांताकडे अपिलाची मुदत 60 दिवस, तुमचा फेरफार 1987 चा, म्हणजे विलंब माफीपासूनच सुरुवात. शेवटी आम्ही वाटपाचा दावा लावला. पण तुम्ही वकिलाकडे जायच्या आधी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून त्या फेरफाराची नक्कल काढा, मागची नोटीस आणि जबाब पण मागा, कोणाला नोटीस बजावली, सह्या अंगठे कोणाचे, सगळं त्यात असतं. आमच्या वकिलांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता आणि आम्ही हात हलवत गेलो होतो.

माहेरवाशीण
मी बहीण म्हणून लिहितेय. भावाने सोसायटीच्या कर्जाला सही पाहिजे म्हणून बोलावलं आणि पुढे ठेवलं हक्कसोडपत्र. मी वाचलं म्हणून वाचले. सही केली नाही तर दोन वर्षं माहेरचा फोन बंद. वकिलाला द्यायला पैसे नव्हते, अंगणवाडीतल्या ताईंनी सांगितलं की कोर्टाच्या इमारतीतच तालुका विधी सेवा समिती असते तिथे अर्ज कर, बाईला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मला खरंच वाटलं नव्हतं, पण मिळाला आणि मनापासून केस चालवली त्यांनी. भावाचं म्हणणं होतं की वारसा कायदा 2005 ला बदलला आणि वडील त्याच्या आधी वारले म्हणून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा वाटा नाही. 2020 मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, 2005 ला वडील हयात असायची गरज नाही. तो निकाल दाखवल्यावर त्याचेच वकील त्याला तडजोडीला घेऊन आले. लोकअदालतीत मिटलं, त्यावर अपील नसतं. पण बायांनो, निकाल लागला म्हणजे जमीन हातात आली असं नाही हां. शेतजमिनीचा हुकूमनामा कलेक्टरकडे जातो, मग तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी, सरस निरस वाटप म्हणजे चांगली आणि हलकी जमीन बघून वाटे पाडणं, त्यात अजून दीड वर्ष गेलं. आता बांधावर माझं नाव आहे. राखीला जाते मी, तो बोलत नाही, वहिनी बोलते.

ऊसवाला
माझा वाद रस्त्याचा. शेजाऱ्याने वहिवाटीच्या वाटेवर चर खणली, ट्रॅक्टर जाईना, ऊस वाळायला लागला आणि कारखान्याची टोळी निघून जाते की काय अशी पाळी. गावातले म्हणत होते बसून मिटवू, त्यात पाच महिने गेले. मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम 5 लावायचं तर अडवल्यापासून 6 महिन्यांत अर्ज लागतो हे एका निवृत्त सर्कलनी (मंडळ अधिकारी) सांगितलं म्हणून जेमतेम मुदतीत बसलो. तहसीलदार स्वतः आले, पंचनामा झाला, चर बुजवायचा आदेश झाला. अडवल्याच्या दिवशीच फोटो काढून ठेवा आणि लगेच अर्ज द्या, बैठका चालू राहू देत.

बांधावरून
ऊसवाला, ज्यांना आधीपासून वाटच नाही त्यांना कलम 5 चालत नाही, त्यांनी महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागायचा. माझा पहिला अर्ज याच गोंधळात फेटाळला गेला.

डिचोलीकर
गोव्यात सगळं वेगळंच. आमच्याकडे आजोबांच्या घराची वाटणी करायची तर इन्व्हेंटरी प्रोसीडिंग, म्हणजे वारसांमधे मालमत्ता वाटायची कोर्टातली प्रक्रिया, आणि त्यात वारसांचे नवरे बायको पण येतात कारण लग्नानंतर मालमत्ता दोघांची धरतात. एक आत्ते परदेशात, तिची आणि तिच्या नवऱ्याची पॉवर ऑफ अॅटर्नी यायलाच आठ महिने लागले. एजंट म्हणत होता एकट्या वडिलांच्या सहीने विकून टाकूया, आम्ही ऐकलं नाही ते बरं झालं.

दोन गट
आमचं कोर्टाशिवाय मिटलं म्हणून लिहितो. सातबारा माझा पण कसतो शेजारी, त्याचा सातबारा आणि कसतो मी, वडिलांच्या काळापासून. दोघांच्या मनात भीती की उद्या पोरं भांडतील. शासनाची सलोखा योजना अशांसाठीच आहे, 12 वर्षांपेक्षा जास्त ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला 1000 रुपये मुद्रांक आणि 1000 नोंदणी फी. तलाठी आणि सर्कल येऊन पंचनामा करून गेले. मात्र दोघं राजी पाहिजेत, एक जरी अडला तरी होत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, मनापासून. करवीरकरांनी सांगितलं तशी नक्कल काढली, आज मिळाली. नोटिशीवर चारही भावांची नावं आहेत. तिघांच्या सह्या आहेत. वडिलांच्या नावापुढची जागा कोरी आहे. आईला दाखवलं, ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, वकिलांकडे मी पण येते. माहेरवाशीण ताई, सोमवारी आम्ही दोघं विधी सेवा समितीत जातोय, अर्ज आईच्या नावाने करतोय. सोबत कायकाय कागद न्यायचे ते सांगाल का?