मदत हवी आहे: लाँग रनमध्ये १८ किमीनंतर नाडी चढते

रविवारचा २८ किमीचा रन, ग्रुपबरोबर, गप्पा मारत. पुणे विद्यापीठापासून पाषाणमार्गे सूसकडे आणि परत. सुरुवात पहाटे ५ ला, वेग किमीला ७:१५ मिनिटे. १८ किमीपर्यंत नाडी १४० च्या आसपास, मग वेग तोच असूनही १६०. एक वाक्य सलग बोलता येत नाही. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते.

दर २० मिनिटांनी १५० मिली पाणी, दुसऱ्या तासापासून ओआरएस (एका लिटरला एक पाकीट), दर ४५ मिनिटांनी एनर्जी जेल, हे सगळं चालू आहे. नाडीची मोजणी छातीच्या पट्ट्याने, घड्याळावर भरवसा नाही. ईसीजी, हिमोग्लोबिन नॉर्मल. पाण्याची गाडी ग्रुपबरोबर असते, त्यामुळे फार मागे पडून चालणार नाही. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे.

सुरुवातच ७:३० ने करावी, की शेवटच्या १० किमीत दर किमीला मिनिटभर चालून नाडी खाली आणावी?