आठवी विज्ञान : घरात एकच फोन, गावात रेंज नाही. घरी काय द्यावं?

खडू_डस्टर :
झेडपीची शाळा, आठवीत 31 मुलं. शाळेत वायफाय आहे, गावात रेंज पाण्याच्या टाकीपाशीच. बहुतेक घरांत एकच स्मार्टफोन, तोही वडील आल्यावर रात्री आठनंतर मिळतो. 6 घरांत बटणांचे फोन. आता 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' घ्यायचंय. ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओच्या लिंक घरी उघडतच नाहीत. दुसरं काय करता येईल?

प्रयोगवही :
सर, लिंक नको, फाइल द्या. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' संकेतस्थळावर डीसी विद्युत परिपथाचं सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचा प्रयोग) आहे. शाळेच्या वायफायवर भाषा मराठी निवडून डाउनलोड करा. एकच एचटीएमएल फाइल मिळते, जेमतेम काही एमबीची. पालकसभेला पालक फोन घेऊन येतील तेव्हा ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डाने द्या. नंतर नेट लागत नाही.

अडतं ते उघडताना. फाइलवर टिचकी मारली की काही फोनांत 'एचटीएमएल व्ह्यूअर' उघडतो आणि पडदा कोराच राहतो, कारण त्यात जावास्क्रिप्ट चालत नाही. 'ओपन विथ' मधून क्रोम निवडायला लावा आणि प्रत्येक फोनवर तुमच्यासमोर एकदा तरी उघडून बघा.

आता काम. 'खेळून बघा' एवढंच सांगितलं तर मुलं तारा ओढत बसतात. फोन 15 मिनिटंच मिळणार, म्हणून अंदाज शाळेतच वहीत लिहून घ्या आणि घरी फक्त पडताळणी ठेवा:
एक घट (तिथे 9 व्होल्टचा असतो) आणि दिवा जोडा, व्होल्टमीटर घटाच्या दोन टोकांना लावा. मग एकसर जोडणीत दुसरा घट घाला आणि जोडीच्या बाहेरच्या टोकांवर मोजा: 18. आता एक घट उलटा करा. वाचन 0, दिवा बंद. हा उलटा घट सोडू नका. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक सेल उलटा बसला की तो का पेटत नाही, ते इथे आकड्यांत दिसतं.

घटाची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की पडद्यावर आग दिसते. मुलांना ते करून बघू द्या, पण घरच्या सॉकेटला हात लावायचा नाही हे वहीत पहिल्या ओळीला लिहून घ्या.

माळावरची_शाळा :
त्या 6 घरांसाठी ऑडिओ. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट तशीच कार्डावर टाकलीत तर बटणांच्या फोनवर बहुधा वाजणार नाही, तिचा फॉरमॅट वेगळा असतो. ऑडॅसिटीत (संगणकावर आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) एमपी3 करा: मोनो, 64 केबीपीएस. मिनिटाला साधारण 480 केबी, म्हणजे 4 मिनिटांचा पाठ 2 एमबीच्या आत. कार्ड फॅट32 मध्ये फॉरमॅट करा. फाइलला देवनागरी नाव दिलं तर पुष्कळ फोनांत नुसते चौकोन दिसतात, म्हणून 01, 02 असे आकडे द्या.

बोलताना प्रत्येक प्रश्नानंतर 10 सेकंद गप्प राहा. ती जागा मुलाच्या उत्तराची असते. आकृतीचं वर्णन करत बसू नका, 'पुस्तकातली अमुक पानावरची आकृती काढा' म्हणा. पुस्तक सगळ्यांकडे असतंच.

खडू_डस्टर :
दोन्ही जमेल. पण केलंय की नाही हे तपासायचं कसं? वहीचे फोटो मागवू का?

प्रयोगवही :
फोटो नकोत. रेंजसाठी पोरं रात्री टाकीपाशी जातील आणि 31 फोटो तपासण्यात तुमची संध्याकाळ जाईल. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला फळ्यावर 'उलटा घट : अंदाज / वाचन' असे दोन रकाने करा आणि हात वर करायला लावून आकडे भरा. ज्यांचा अंदाज 9 होता, त्यांनी उलटा घट 'नसल्यासारखाच' धरलेला असतो. त्यांना खरे दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब देऊन पुढे बोलवा. फोन न मिळालेल्या मुलांचंही वाचन तिथेच होतं.