पेटीवरून अरेंजर कीबोर्डवर यायचंय: यामाहा, कॅसिओ की जुना कॉर्ग? (ठाणे-नवी मुंबई)

ऐरोलीची पेटीवाली
नमस्कार मंडळी. गेली अठरा वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. आता आम्ही सहा जणांनी जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचा ग्रुप काढलाय. सोसायट्यांचे गणपती, कोजागिरी, कुणाची साठी, असे कार्यक्रम. ढोलकी-तबल्याला आमच्याच मंडळातला मुलगा आहे. बेस, गिटार, व्हायोलिन हे सगळं मी एकटीने कीबोर्डवर भरायचं, असा बेत. म्हणून अरेंजर, म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार सूर) धरली की मागची साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड.

बजेट सत्तर हजारांपर्यंत, नवा किंवा जुना. मनात तीन नावं आहेत: यामाहा पीएसआर-आय 500, कॅसिओ सीटी-एक्स 9000 आयएन आणि सेकंडहँड कॉर्ग पीए 600. व्हिडिओ बघून डोकं गरगरतंय, जो तो आपल्याच कीबोर्डची आरती ओवाळतो. तुम्ही स्वतः काय बघून घेतलात ते सांगा.

नौपाडा कीज
मी कॉर्गवाला, आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको. माझ्याकडे पीए 700 आहे. घेतला तो जॉयस्टिकसाठी. बाजूला ढकलली की स्वर वाकतो, वर ढकलली की कंप येतो, दोन्ही एकाच अंगठ्यात. बासरी, सनई, सारंगी वाजवताना मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढायची तर मला इतर कीबोर्डवर स्वर वाकवायला असतं त्या चाकावर जमतच नाही. माझ्या मित्राला बरोब्बर उलटं, तो म्हणतो जॉयस्टिक निसटते. त्यामुळे हे ज्याचं त्याने हात लावून ठरवायचं.

आणखी एक. पाच गायक म्हणजे गाण्याच्या पाच पट्ट्या, कुणाचा सा काळी एक, कुणाचा काळी चार. ट्रान्सपोजचं (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवण्याचं) बटण हाताशी आहे का बघा आणि आकडा स्क्रीनवर ठळक दिसतो का तेही. सानपाड्याच्या एका कार्यक्रमात काळी चारचं गाणं झाल्यावर मी ट्रान्सपोज शून्यावर आणायला विसरलो. पुढच्या काकांनी काळी एकच्या हिशोबाने आलाप घेतला आणि इंट्रो आला भलत्याच सुरात. काका माझ्याकडे असे बघत होते की बस.

कळव्याचा ढोलक्या
ताई, मी कीबोर्ड वाजवत नाही, पण कीबोर्डवाल्यांच्या शेजारी बसून पंधरा वर्षं मार खाल्लाय. तुमच्याकडे ढोलकीवाला आहे ना? मग स्टाइलमधला, म्हणजे कीबोर्डच्या तयार साथीतला, ताल बंद करून नुसते बेस आणि कॉर्ड चालू ठेवता येतात का, हे पहिलं विचारा. यामाहाच्या एसएक्स मालिकेत स्टाइलचे आठ भाग असतात, त्यातले रिदमचे दोन बंद करता येतात. कॉर्गच्या पीएमध्येही ड्रम आणि पर्कशन वेगळे बंद होतात. हे जमलं नाही तर मशीनची ढोलकी आणि माझी ढोलकी एकमेकींच्या पायात पाय घालतात. लावणीला तर विचारूच नका. मशीन कधी थांबत नाही, आणि आमची सगळी मजा थांबण्यात.

लय मात्र मशीनचीच धरावी लागते. त्या मुलाच्या कानाशी बेसचा आवाज पोचेल असा स्पीकर ठेवा. नाहीतर तो पुढे, बेस मागे.

नेरूळकर काका
जुना घेणार असाल तर माझं रडगाणं ऐका. पीए 600 बाजारात आला 2012 साली, म्हणजे हातात पडेल तो चांगलाच वापरलेला. मी असाच एक जुना कीबोर्ड (कंपनी सांगत नाही, तिचा दोष नाही) ठाण्यातल्या एका विक्रेत्याकडून उचलला. दुकानात झकास वाजला. पहिल्या पावसाळ्यात मधल्या सप्तकातला कोमल निषाद कधी मुका, कधी एकदम बोंब मारणारा. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

मग मेकॅनिकने माझ्यासमोर खोलला. पट्ट्यांखाली रबराची लांब पट्टी असते, प्रत्येक सुराखाली काळे कार्बनचे दोन ठिपके. वरची सुराची पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा नंतर. मधला वेळ मोजून मशीन ठरवतं की तुम्ही जोरात दाबलं की हळू. तिथे धूळ आणि आपल्या खाडीचा दमटपणा साचला की हिशोब चुकतो. त्याने स्पिरिटने पुसून दिलं, काम झालं.

तेव्हा जुना बघायला गेलात की टच (हाताचा जोर ओळखायची ही सोय) चालू ठेवून एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या एकेक करून, अगदी हलक्या हाताने वाजवा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

भाता
ताई, मीही पेटीवरूनच इकडे आलो, आता वाशीत दोन ग्रुपबरोबर वाजवतो. सगळे टोन-स्टाइलवर बोलतायत, पण आपला खरा प्रश्न डाव्या हाताचा. जन्मभर तो भात्यावर. अरेंजरवर त्याच हाताने कॉर्ड धरायची आणि त्या कॉर्डमागे बेस, गिटार, स्ट्रिंग्ज अशी सगळी वरात चालते. पहिले तीन-चार महिने माझा डावा हात एक तर कॉर्ड विसरायचा, नाहीतर हवेतच भाता मारायचा. बायको स्वयंपाकघरातून हसायची.

दुसरी गोष्ट. पेटीत जोर भात्यात असतो, पट्टीत नाही. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तोच. कीबोर्डवर तसं नाही, म्हणून पेटीचा टोन लावला की आपल्या हाताने एक सूर मोठा, एक बारीक, ओळ तुटकतुटक. त्या टोनला टच बंद करा. मग भात्याचा जीव कुठून आणायचा? पायातून. व्हॉल्यूमचं पेडल मिळतं, पाऊल ठेवून वर-खाली करायचं. मी यामाहाचं एफसी 7 वापरतो. सम आली की पंजा दाबायचा, ओळ सोडताना टाच. सहा महिन्यांनी लोक विचारायला लागले, पेटी कुठे लपवलीये?

म्हणून दुकानात गेलात की कीबोर्ड आधी मागून बघा, व्हॉल्यूमचं पेडल लावायची जागा आहे का. सस्टेनचं पेडल म्हणजे नुसता चालू-बंद स्विच, त्यावर हे होत नाही. आय 500 वर तेवढंच आहे. बाकी तो रियाजाला गोड आहे, तबला-तानपुरा आतच. माझ्या भाचीला मीच घेऊन दिला. पण तुमच्या कामाला एसएक्स 600 बघा, जुना मिळाला तर बजेटात बसावा. व्हॉल्यूमचं पेडल लागतं आणि ढोलकीवाले दादा म्हणतात तसे स्टाइलचे भाग बंदही होतात.

नौपाडा कीज
एसएक्स 600 ला टचस्क्रीन नाही, हे सांगून ठेवतो. गाणी शोधायला बटणं दाबत बसा.

भाता
बरोबर. टचस्क्रीन हवी तर 700 किंवा 900. पण 900 साडेअकरा किलोचा, 600 आठ किलोचा. ताई ऐरोलीहून ठाण्याला लोकलने जाणार असतील तर साडेतीन किलोचा फरक जिन्यावर कळतो. मी दोन वर्षं मालडब्यातून नेलाय, कोथिंबिरीच्या जुड्यांवर टेकवून.

नौपाडा कीज
हे मान्य. आमचं पाकीट रिक्षावाल्यांनीच रिकामं केलंय. अजून एक, ताई: यामाहाची स्टाइल कॉर्गवर तशीच्या तशी चालत नाही, कॉर्गची यामाहावर नाही. तुमच्या ओळखीचे लोक जे वाजवतात ते घेतलंत तर पेनड्राइव्हवर निम्मं काम आयतं मिळतं. मी कॉर्गवाला असूनही सांगतोय, नवी मुंबईत तुमच्या आसपास यामाहावालेच जास्त भेटतील.

कॅसिओप्रेमी_घणसोली
कॅसिओकडे कुणी बघतच नाही वाटतं! 9000 आयएनचे आतले स्पीकर दणदणीत आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये वेगळा स्पीकर न लावता भजन केलंय आम्ही.

ऐरोलीची पेटीवाली
सगळ्यांचे आभार. शनिवारी धोबी तलावला जाऊन आले. दुकानातल्या मुलाला म्हटलं, आधी पाठ दाखव. तो चक्रावलाच.

कॅसिओचा आवाज खरंच भरदार, घणसोलीकर. पण चाक माझ्या हाताला फार घट्ट लागलं. कॉर्गच्या जॉयस्टिकवर सनई छान निघाली, मान्य करते. मग एका यामाहाला पेडल लावून, टच बंद करून अभंगाची एक ओळ वाजवली आणि पाय आपोआप हलायला लागला. तिथेच ठरलं. कोपरखैरणेला एकांकडे एसएक्स 600 आहे, रविवारी जाते बघायला. एकसष्ट पट्ट्या वाजवणार, काका.

भाता, एक शंका. आमची पेटी जरा चढी लागलीये. दोन्ही एकत्र वाजवली तर?

भाता
कीबोर्ड पेटीला मिळवून घ्या, ट्यूनिंग थोडं वर नेता येतं. पण पेटी गंधार ट्यूनिंगची (गंधार सा-शी नैसर्गिक जुळवून लावलेली) असेल तर तिचा शुद्ध गंधार कीबोर्डपेक्षा 14 सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभरातले 14 भाग) उतरा असतो, तो तेवढ्याने जुळणार नाही. भजनाला पेटी, गाण्यांना कीबोर्ड. एकत्र नकोच.

कळव्याचा ढोलक्या
आणि त्या मुलाला रविवारी बरोबर न्या. बेस ऐकून त्यालाही ठरवू दे.